वळणावरचा घरजावई

सलूनवाल्याच्या हाताबद्दल गावात दुमत नव्हतं. त्याच्या मतांबद्दल मात्र होतं, पण ते कुणाला बोलून दाखवता येत नसे. तो बोलायचा तेव्हा त्याचा वस्तरा समोरच्याच्या गळ्यावर असायचा. अशा वेळी मान हलवून नाही म्हणायची कुणाची छाती? त्यामुळे वर्षानुवर्षं त्याच्या प्रत्येक मताला गावात एकमताने मंजुरी मिळत गेली होती, आणि आपण बोलतो ते सगळ्यांना पटतं असा त्याचा प्रामाणिक समज झाला होता.

दुकान मूळचं सासऱ्यांचं. तो तिथे ऐन विशीत काम शिकायला आला. आधी फरशीवरचे केस झाडायला लागला, मग साबणाचा फेस करायला, मग गिऱ्हाइकांच्या माना भादरायला, आणि शेवटी मालकाच्या मुलीशी लग्न करून दुकानाच्या मागच्या लाकडी जिन्याने वर राहायलाच गेला. गावाने त्याच दिवशी त्याचं बारसं केलं: घरजावई. त्याला राग आला नाही. वर दोन खोल्या, खाली दोन खुर्च्या, आणि गॅलरीत उभं राहिलं की समोर अख्खा डोंगर. एवढं मिळत असेल तर माणसाने हवं ते नाव सोसावं.

सासरे आता काम करत नसत. खिडकीजवळच्या बाकावर पेपर उघडून बसत आणि पेपरावरून आरशात बघत.

"जावईबापू, डावा कल्ला चढलाय."

"बाबा, त्यांचा कानच खाली आहे."

"मग कान वर घ्या!"

कॉलेजात झाडापानांचा विषय शिकवणाऱ्या एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांना दर महिन्याला कटिंगला घेऊन येत. त्या गावात सगळ्यांच्याच 'बाई' होत्या, कारण निम्म्या गावाला त्यांनी एकदा तरी नापास केलं होतं. वडील खुर्चीत बसले की बाई सासऱ्यांच्या शेजारी बसून पिशवीतून काहीतरी पाला काढत आणि डोळ्याला भिंग लावून बघत. एकदा सलूनवाल्याला राहवलं नाही. म्हाताऱ्याच्या अर्ध्या डोक्याची कटिंग झालेली, अर्धं तसंच, आणि हा कात्री हातात घेऊन बाईंच्या पुढ्यात.

"एवढं काय असतं हो त्यात?"

"तुमच्याच धंद्यातलं आहे. बघा."

त्याने भिंगाला डोळा लावला. बोटाच्या पेराएवढं रुपेरी पान होतं. नुसत्या डोळ्याला वाटलं होतं त्यावर धूळ बसलीय. भिंगातून बघितलं तर ती धूळ नव्हतीच, केस होते! पांढरेशुभ्र, चमकदार, एकापेक्षा एक बारीक, हजारोंनी, आणि सगळे एकाच दिशेला नीट झोपलेले. जसं काही आत्ताच कुणी ओला कंगवा फिरवून गेलाय. त्याने आयुष्यात गावातलं प्रत्येक डोकं पाहिलं होतं, पण इतकं व्यवस्थित डोकं त्याच्या खुर्चीत कधी बसलं नव्हतं.

"हे... हे कुणी विंचरलं?"

"वाऱ्याने. लोकरी म्हणतात तिला. वर खिंडीच्या वाटेवर येते, आपल्याच डोंगरातली. दिवसा ऊन भाजतं, सूर्य गेला की थंडी चावते. म्हणून पानावर हे पांघरूण."

"वाढतात हे केस?"

"जेवढे हवेत तेवढे वाढतात, मग आपले आपण थांबतात."

"थांबतात!" सलूनवाला मटकन बाकावर बसला. आपले आपण थांबणारे केस! ज्याने कुणी ही योजना केली त्याला सलूनवाल्यांच्या पोटाची अजिबात फिकीर नसणार. पण योजना अशी की हात जोडावेत. तो पुन्हा भिंगाकडे वळला. खुर्चीतून अर्ध्या डोक्याचे म्हातारबाबा म्हणाले, "बेटा, माझेही थांबलेत. पण एका बाजूचेच."

सोमवारी सलून बंद. त्या सोमवारी सलूनवाला डोंगरावर गेला आणि मग दर सोमवारी जात राहिला.

सोमवारी सुट्टी असणाऱ्यांची गावात एक वेगळीच जमात असते. जग कामाला निघतं तेव्हा ही माणसं दाढी न करता गॅलरीत उभी असतात आणि सोबतीला कुणी नसतं. बाईंनी अशांनाच पकडलं होतं. एक म्युझियमचा पहारेकरी; आठवडाभर पुतळ्यांसोबत राहून तो इतका गप्प झाला होता की सोमवारी एकदम सुटायचा. एक हॉटेलातला आचारी. त्याला चढावर दम लागायचा, पण थर्मासमधला चहा आणि अंड्यांचं सँडविच तोच आणत असल्यामुळे सगळे त्याच्या गतीने चालत. आणि आता हा सलूनवाला. काम एकच, खिंडीच्या वाटेवरचं उपरं तण उपटणं.

वाट पाण्याच्या टाकीमागून निघायची. सलूनवाला तिच्यावरून शंभरदा गेला असेल, पण तिकडे त्याने 'हिरवं' यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. आता बाई दर चार पावलांवर थांबायच्या आणि तो त्यांच्यामागे आ वासून. हे खडकावरचं शेवाळ, महिनोन्महिने वाळून कोळसा झालेलं. त्यावर बाईंनी बाटलीतलं घोटभर पाणी ओतलं, आणि बघता बघता ते हिरवं होऊन फुलून बसलं. सलूनवाल्याने त्यावर आपलीही बाटली रिकामी केली आणि दिवसभर तहानलेला राहिला. हा नेचा, ज्याचं कोवळं पान घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळी करून येतं. हा बुटका वृक्ष, ज्याची साल दरवर्षी कागदासारखी सुटते आणि खालून गुलाबी अंग निघतं. हे सगळे इथले, पिढ्यान्‌पिढ्यांचे.

आणि त्यांच्यात मिसळलेले पाहुणे. हे गवत घोड्यांच्या चाऱ्यातून आलं. तो वेल कुणाच्या तरी परसातून कुंपणावरून उडी मारून. हे काटेरी रोप वाटेवर टाकायच्या खडीतून. "आणि हे तुमच्यासोबत आलं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सलूनवाल्याच्या मोज्याला चिकटलेलं कुसळ काढून दाखवलं. भिंगातून त्याच्या टोकाला चक्क आकडा दिसला, मासे पकडायच्या गळासारखा.

"म्हणजे मी याला फुकट वर आणलं?"

"सगळेच आणतात. बूट, मोजे, कुत्र्यांच्या शेपट्या. या लोकांना पाय नसतात, म्हणून ते आपले वापरतात."

तो कुसळाकडे बघत राहिला. तेवढ्याशा काडीत इतकी अक्कल!

"मग सगळेच पाहुणे उपटायचे?" आचाऱ्याने बसायला दगड शोधत विचारलं.

"छे हो. पाहुणा आला म्हणून काही बिघडत नाही. बरेचसे येतात, कोपऱ्यात गुमान राहतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एखादाच असा निघतो की आधी ओसरी मागतो, मग खोली, मग घरमालकालाच बाहेर काढतो."

पहारेकऱ्याने सलूनवाल्याकडे बघितलं. "बाई, जपून बोला. यांच्या सासऱ्यांचं नाव अजून दुकानावर आहे म्हणून बरं."

असा एक पाहुणा त्या वाटेवर होता, आणि अर्थातच सगळे त्याला घरजावई म्हणत. जुन्या काळी खालच्या हॉटेलवाल्याने तो शोभेसाठी बागेत लावला होता. खांद्याइतकी उंची, वर पिवळ्याधमक फुलांचे झुबके. इतका देखणा की डोंगर चढणारी माणसं त्याच्या शेजारी उभी राहून फोटो काढत. फुलं सरली की त्यांच्या म्हाताऱ्या व्हायच्या, पांढऱ्या केसांच्या, आणि वाऱ्यावर बसून डोंगरभर निघायच्या. जिथे तो दाट झाला तिथे खाली अंधार, आणि त्या अंधारात इथलं काहीही उगवत नसे.

त्याला उपटायची सोमवारच्या मंडळींची एक ठरलेली पद्धत होती. बुंध्याशी खणायचं, मुळासकट ओढायचं, माती झटकायची आणि दोन काठ्यांवर आडव्या बांधलेल्या बांबूवर उलटा टांगायचा. मुळं आभाळाकडे, तोंड मातीकडे. कारण जमिनीवर टाकला की हा बहाद्दर पडल्या पडल्या मुळं सोडायचा आणि पुन्हा उभा राहायचा. प्रत्येकाने वाटेचा एकेक तुकडा वाटून घेतला होता. सलूनवाल्याने हट्टाने वरचं वळण मागून घेतलं, कारण त्या वळणाच्या माथ्यावर एक खडक होता आणि खडकाच्या चिरेत लोकरीच्या थोड्याशा गाद्या अजून तग धरून होत्या. ओंजळीएवढ्या, रुपेरी. खिंडीच्या खाली तिची तेवढीच वस्ती उरली होती. कामाला हात घालण्याआधी तो दर वेळी तिच्यापाशी जाऊन "काय मंडळी?" म्हणायचा आणि जाताना तिच्यावरची काडी-कचरा फुंकून काढायचा, जसं गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकावेत.

पण उपटणं हे काम त्याच्या जिवावर येई. तीस वर्षं त्याने जी बोटं लोण्यासारखी जपली, त्यांच्या नखांत माती. शिवाय उपटलेल्या जागी जे भगदाड पडे ते त्याच्या डोळ्याला खुपे. एका माळरानासारख्या डोक्यावर चिमटीचिमटीने केस उपटत बसलाय असा सलूनवाला कुणी पाहिलाय का? त्याने बाईंना सुचवून पाहिलं.

"फुलं यायच्या आत सगळं सारखं कापून टाकलं तर? फूल नाही म्हणजे बी नाही."

"कापायचं नाही," बाई म्हणाल्या. "कापलं की दाट येतं."

झालं! हेच वाक्य. या एका वाक्याशी तो आयुष्यभर लढत आला होता. मिसरूड फुटलेली पोरं येत: काका, वस्तरा लावा, दाट येईल. त्यांचे बाप येत: वस्तरा लावू नका, दाट येईल. टकलाच्या वाटेवरचे लोक येत: सगळं काढून टाका, दाट येईल. प्रत्येकाला तो समजावत आला होता की बाबांनो, वर काय कापलं ते खालच्या मुळाला कळतच नाही! सासऱ्यांशी याच मुद्द्यावर त्याचं लग्नाआधी भांडण झालं होतं आणि तो जिंकला होता. आणि आता एवढ्या शिकलेल्या बाई तेच म्हणतात? त्याला त्यांची कीव आली. थोरामोठ्यांनाही एखादी अंधश्रद्धा असायचीच, असं मनाशी म्हणून तो आदराने गप्प बसला.

त्या वर्षी बाईंचे वडील आजारी पडले आणि बाईंचं डोंगरावर येणं थांबलं. मैदान मोकळं. सलूनवाल्याने विळ्याला धार लावून घेतली आणि दोन सोमवारांत सगळं वळण कापून काढलं. नुसतं कापलं नाही. कडेला बारीक, मध्ये थोडं उंच, वाटेच्या बाजूने सुबक उतार. आचारी कमरेवर हात ठेवून बघतच राहिला.

"वा! डोंगर लग्नाला निघालाय."

"फक्त पावडर लावायची राहिली," पहारेकरी म्हणाला.

सलूनवाल्याने खडकावरच्या लोकरीला अभिमानाने निरोप दिला. आता तिला ऊन मिळेल, वारा मिळेल.

आपलं वळण झालं म्हणून बाकीचे सोमवार तो खालच्या तुकड्यांवर इतरांच्या मदतीला गेला. पुढच्या वर्षी हिरवळ भरात आली तेव्हा तो वळणावर पोचला आणि त्याला वाट सापडेना. जिथे एक दांडा कापला होता तिथे पाच-सहा उभे होते, जाड, तजेलदार, एकमेकांना चिकटून. झाडी त्याच्या डोक्यावरून गेली होती. अंग तिरपं करून, दांडे बाजूला सारत तो खडकाशी पोचला. लोकरी होती, पण तिच्या निम्म्या गाद्या तपकिरी पडल्या होत्या.

वडिलांना बरं वाटल्यावर बाई पुन्हा यायला लागल्या होत्या; त्या त्याच्यामागून आल्या. त्यांनी झाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कापलं?"

"थोडं बारीक केलं."

"या इकडे. झोपा."

दोघं पालथे पडले. बाईंनी एका बुंध्याची माती बोटाने सारली आणि भिंग त्याच्या हातात दिलं. जुन्या कापाच्या खाली, बुंध्याला वेढून, लाल-हिरवे डोळे होते. मोहरीएवढे, ओळीने बसलेले. काही उमललेले, काही अजून मिटलेले.

"हे पहिल्यापासून असतात. शेंडा जिवंत असेपर्यंत तो वरून निरोप पाठवत राहतो: अजून नाही, दम धरा. तुम्ही शेंडा उडवला. निरोप बंद. मग सगळे उठले."

"म्हणजे," सलूनवाल्याने भिंगावरून डोळा काढला, "वर कापलेलं खाली कळतं?"

"कळतं."

"लगेच?"

"लगेच."

त्याच्या तीस वर्षांच्या युक्तिवादाचा त्या मातीत चुराडा झाला होता, पण गंमत अशी, की त्या क्षणी त्याला आधी लाज वाटलीच नाही. आधी अंगावर काटा आला. डोकं नाही, डोळे नाहीत, आणि खाली वाट बघत बसलेली एवढी मोठी फौज! लाज नंतर आली. आली ती मात्र सासुरवाडीचे पाहुणे येतात तशी सहकुटुंब आली.

पहारेकऱ्याने मागून डोकावलं. "म्हणजे सासरा डोक्यावर आहे तोवर जावई दबून..."

"तू गप्प बस," आचारी म्हणाला. पहारेकरी गप्प बसला, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळावं.

जंगल खात्याचे रेंजरसाहेब आठवड्याभरात येऊन वळण बघून गेले. सज्जन माणूस, पण त्यांच्याही डोक्यावर अख्खा डोंगर होता. "इतक्या दाट झाडीचं बी सुटलं तर ते सरळ खिंडीत जाईल. वर लोकरीची मोठी वस्ती आहे. ती गेली तर संपलंच. फवारणी करावी लागेल."

"खडकावरची?" बाईंनी विचारलं.

"बाई, फवाऱ्याला कसं सांगू, इथे पड आणि तिथे पडू नको? तीही जाईल. पुन्हा त्या मातीत बराच काळ काही येईल का, शंकाच आहे."

सलूनवाला पुढे झाला. त्याच्या तोंडातून शब्द ओळीने बाहेर येईनात, हे गावात प्रथमच घडत होतं. "साहेब, फुलं पिकून म्हाताऱ्या होईपर्यंत मला द्या. माझ्या विळ्याने झालंय, मी मुळासकट काढतो."

साहेबांनी झाडीकडे बघितलं, मग त्याच्या मऊ हातांकडे. "म्हाताऱ्या सुटायच्या आधी, हां. एक जरी उडाली तरी मी थांबणार नाही."

आता नुसत्या सोमवारांनी भागणार नव्हतं. तो घरी गेला आणि बाकासमोर मान खाली घालून उभा राहिला. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेपराची घडी घातली आणि ते उठून खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

"दुपारनंतर तुम्ही डोंगर बघा, जावईबापू. वस्तरा मी धरतो."

"बाबा, तुमचा हात..."

"माझा हात कापतो. पण बरोबर जागी कापतो."

हात कापत असूनही सासऱ्यांनी कुणाला ओरखडा काढला नाही. फक्त त्यांना त्यांच्या उमेदीच्या काळातला एकच कट येत होता: बाजूने साफ, मध्ये भांग, आणि कपाळावर तेलात बसवलेली लाट. त्या हंगामात शाळेतल्या पोरांपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळं गाव आपापल्या आजोबांच्या लग्नाच्या फोटोतून उठून आल्यासारखं दिसत होतं.

वर वळणावर सलूनवाला खणत होता. कापल्यामुळे बुंधे मुठीएवढे झाले होते आणि मुळं एकमेकांत इतकी गुंतली होती, की एक ओढावं तर तीन हात पलीकडचं झाड मान डोलवायचं. कुदळ, पहार, मग नुसते हात. संध्याकाळी घरी आला की बायको त्याचे तळवे दिव्याखाली धरून औषध लावायची.

"अहो, काय केलंत हे हातांचं! आता या हाताने गिऱ्हाइकाचा गाल कुरवाळलात तर दाढी आपोआप निघेल. वस्तऱ्याचा खर्च वाचला."

"अगं, तुला सांगू? त्याचं मूळ बघायला पाहिजेस तू. दगड फोडून गेलंय आतमध्ये. केसाएवढं मूळ आणि दगडाला चीर!"

"ज्याला उपटायचं त्याचंच कौतुक?"

"मग! एवढ्या ताकदीचं काही मी आजवर हातात धरलेलं नाही." त्याने दुसरा तळवा पुढे केला. "त्याचा काय दोष? आणलं आपण. कापलं मी."

बायकोने जास्तीची पट्टी गुंडाळली आणि त्याच्या कपाळावर एक टपली मारली.

बांबू उलट्या टांगलेल्या झाडांनी वाकले. झाडी मागे मागे सरकत गेली. पण खडकाच्या पायथ्याशी, सगळ्यात अवघड जागी, अजून एक भलीमोठी रांग उभी होती, आणि एका सकाळी कोरडा, गरम वारा सुटला. बाईंचा फोन आला: "बोंडं तडकायला लागतील. आज-उद्या." साहेबांनाही तो वारा कळला होता, दुपारी माणसं पाठवतो, असा त्यांचा निरोप आला.

सलूनवाला दुकानात मधोमध उभा होता. समोरच्या खुर्चीत बँकेचे मॅनेजर, गळ्याला पांढरं कापड बांधलेलं, आणि सासरे त्यांच्या लाटेवर शेवटचा हात फिरवत होते. केस कापडावरून ओघळत होते आणि तिथेच झोळीत थांबत होते. फरशीवर एकही नव्हता.

"बाबा, कापडं किती आहेत आपल्याकडे?"

"आहेत की. धुतलेली, न धुतलेली..."

"सगळी द्या." त्याने मॅनेजरसाहेबांच्या गळ्यातलंही सोडून घेतलं.

बायको गॅलरीतून खाली आली ती पिनांचा डबा घेऊनच. ती कधी टाकीच्या पुढे चढली नव्हती, पण त्या दिवशी नवऱ्याच्या पुढे होती. मागून पहारेकरी, बाई, आणि कामावरून तसाच ॲप्रनमध्ये निघालेला आचारी. बोंडं फुगली होती, टोकांना पांढरा कापूस दिसू लागला होता. श्वास रोखून त्यांनी एकेक झाड हळूच वाकवून त्याच्या डोक्यावरून कापड घेतलं, झुबके आत गोळा केले आणि खाली मानेशी गाठ मारली. सलूनवाल्याची बोटं सोललेली होती, पण ही गाठ त्याने जन्मभर बांधली होती. घट्ट, तरी गळा न आवळणारी. कापडं कमी पडली तेव्हा आचाऱ्याने ॲप्रन सोडला, बाईंनी ओढणी दिली.

साहेब फवाऱ्याची माणसं घेऊन वळणावर आले तेव्हा समोर पांढरी कापडं बांधून रांगेत बसलेली गिऱ्हाइकं होती. वारा घोंघावत होता, कापडं फुगत होती, आणि आभाळात एकही म्हातारी नव्हती.

वरून उतरणारा एक तरुण थबकला. "काका, दाढी की कटिंग?"

"मुळापासून," सलूनवाला म्हणाला.

साहेबांना आधी हसू फुटलं, मग ते खडकाशी जाऊन लोकरीकडे बघून आले आणि त्यांनी फवाऱ्यांची तोंडं बंद करायला सांगितली. त्यांच्याच माणसांनी पहारी हातात घेतल्या. वारा पडेपर्यंत शेवटचं झाड कापडासकट निघालं होतं.

आणि मग सलूनवाल्याने मागे वळून पाहिलं. वळण उघडंबोडकं पडलं होतं. नुसती उकरलेली काळी माती, खड्डे, दगड. इतकं भकास काम त्याच्या हातून आयुष्यात झालं नव्हतं.

"आता काय येईल इथे?" त्याने बाईंना विचारलं.

"माहीत नाही. लोकरीचं बी मातीत असेलही, नसेलही. या झाडीखाली फार वर्षं अंधार होता. काही नाही आलं, तर पाऊस माती घेऊन जाईल आणि खडक उरेल."

"आणि खडकावर हिची ही ओंजळ."

"ती एवढीच. फार दिवस टिकायची नाही."

थंडीभर तो गॅलरीतून त्या काळ्या डागाकडे बघत होता. दुकानात बोलणं चालूच होतं, पण गिऱ्हाइकांना फरक जाणवला. एकदा तर त्याने कुणाला तरी "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं, आणि तो माणूस घाबरून साबणासकट उठून बसला.

दिवस उबदार झाले तसा तो वर गेला. मातीवर हिरवी लव आली होती. गुडघे टेकून त्याने बघितलं: घरजावयाची पिल्लं. ती चिमटीने मुळासकट निघत होती. तो काढत गेला, तासन्‌तास, एकेक. मधूनच एक वेगळंच रोपटं चिमटीत आलं. दोनच पानं, गुळगुळीत, काहीशी जाडसर. कसलीच खूण पटेना. ओढायला बोटं आवळली आणि का कोण जाणे, सैल पडली. शेजारी तसंच आणखी एक. त्याच्या पलीकडे पाच. त्याने मान वर केली. वळणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीच रोपटी होती.

तो बाईंना बोलवायला धावतच खाली आला. बाई वर येऊन मातीत बसल्या, भिंग लावून एकेक रोपटं बघत पुढे सरकत गेल्या.

"तिसरं पान येऊ दे," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी तिसरं पान आलेलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. ऊन तिरपं पडत होतं, आणि त्या प्रत्येक दाण्याला रुपेरी कड होती. भिंगाची गरजच नव्हती. केस होते.

"ही रोपटी कुठून आली?" सलूनवाला कुजबुजला. "खडकावरून?"

"एवढी? नाही. ही खालीच होती. मातीत."

"केव्हापासून?"

"झाडी व्हायच्या आधीपासून. तुम्ही या गावात यायच्या आधीपासून. कदाचित तुमच्या सासऱ्यांनी पहिली कात्री धरली त्याच्याही आधी. बी झोपून राहतं. उजेड पडला की त्याला कळतं."

सलूनवाल्याने हळूच तळवा जमिनीवर ठेवला. गेली कित्येक वर्षं तो या वळणावरून ये-जा करत होता. पायाखाली ही सगळी मंडळी अंधारात पडून होती; कुणी कुजलं नाही, कुणाला घाई नाही, आणि उजेडाची हमी कुणी दिलेली नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. पहारेकरी आणि आचारी दोन पावलं मागे उभे होते. त्यांनी टोप्या काढल्या.

लोकरी सावकाश वाढते. दुसऱ्या उन्हाळ्यात ती फुलली. सलूनवाला त्या दिवशी बायको आणि सासऱ्यांना घेऊन निघाला होता. सासऱ्यांना दर दोन वळणांनी दगडावर बसवत, चहा पाजत. शेवटच्या चढावर सासरे म्हणाले, "जावईबापू, गवताचं एक फूल बघायला मला मारणार आहात तुम्ही," आणि पुढच्या पावलाला जागीच थांबले.

वळण निळं झालं होतं. रुपेरी गाद्यांवर निळी फुलं, इतकी दाट की माती दिसत नव्हती. खडकापर्यंत चढलेली, दुसऱ्या बाजूने उताराला लागलेली. वारा आला की सगळा उतार एकदम चंदेरी व्हायचा आणि वारा थांबला की पुन्हा निळा. कुठून तरी भुंगे आले होते, त्यांचा एकच दबका सूर भरून राहिला होता. आज हयात असलेल्या कुणीही ते वळण तसं पाहिलेलं नव्हतं. सासऱ्यांनी शेजारी चाचपून जावयाचा हात धरला आणि सोडला नाही.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "ही तर वाटेवरही आलीय."

खरंच होतं. मधली पायवाट, जिच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या माणसं खिंडीत गेली, तिच्यातही रुपेरी ठिपके उगवले होते. खालून बूट वाजत होते. सुट्टीचा दिवस, पोराबाळांसकट माणसं चढत येत होती. सलूनवाला वाटेच्या तोंडाशी गेला. त्यांना काय सांगावं, कसं थांबवावं, त्याला सुचेना. हात पसरून तो नुसता उभा राहिला.

पहिली आली ती एक जाडजूड बाई, घामाघूम, मोठ्याने बोलत. वळणावर तिचं बोलणं अर्ध्यात थांबलं. तिने समोर बघितलं, पायाखाली बघितलं, उचललेला पाय हवेतच धरला आणि मग तो वाटेच्या वरच्या अंगाला, उघड्या दगडावर ठेवला. तिच्या मागच्याने तिथेच ठेवला. त्याच्या मागच्याने लेकराला खांद्यावर घेतलं आणि त्याच दगडावर पाय दिला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. दिवसभर माणसं येत गेली, आणि दगडामागून दगड, पावलामागून पाऊल टाकत तशीच बाजूने जात राहिली. ऊन उतरलं तेव्हा खडकाच्या अंगाने एक नवी वाट पडली होती, आणि जुन्या वाटेवर दिवसभरात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.